निफाडचा गहू आणि परदेशी मदत

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. निफाड तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे आणि उरलेल्या रानात कांदा व गहू असतो. अमेरिकेने परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था जुलै 2025 मध्ये बंद केली, तेव्हा आमच्या पारावर बराच वाद झाला. माझे म्हणणे असे होते की त्यांनी योग्यच केले. प्रत्येक देशाने आधी आपल्या माणसांचे पाहावे. आमच्या बागेवर गारा पडतात तेव्हा पंचनाम्यालाही महिना लागतो, कांदा मातीमोल भावाने जातो. मग श्रीमंत देशांतील करदात्याने तरी आफ्रिकेतल्या शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च का उचलावा? शिवाय तो पैसा तिथल्या पुढाऱ्यांच्याच घरी जातो, असे सगळेच म्हणतात. आपला देश तर आणखी पुढे गेला. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे, अशी स्थिती असताना आपण अफगाणिस्तानात धरण बांधून दिले. यात शहाणपण कोणते, ते समजावून सांगावे.
— एक वाचक, निफाड तालुका, जि. नाशिक

उत्तर : आपण निफाडहून लिहिले आहे आणि आपल्या रानात गहू असतो, म्हणून उत्तराची सुरुवात त्या गव्हापासूनच करतो. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे वाण आपण पेरले असतील, निदान शेजाऱ्याच्या रानात तरी पाहिले असतील. नावे आपल्या जिल्ह्याची आहेत. पण भारतात आज पिकणाऱ्या बुटक्या, खताला न लोळणाऱ्या गव्हाचा वंश शोधत गेले तर वाट थेट जपानपर्यंत जाते. तिथल्या नोरिन-10 या ठेंगण्या गव्हाचे बी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेले, तेथील संशोधकांनी त्याचा आपल्या वाणांशी संकर केला, त्या संकराचे दाणे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले, आणि 1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून 18,000 टन बियाणे जहाजांनी आणले. त्या बियाण्याचे पैसे आपण मोजले होते. परंतु ते तयार होण्यामागची जवळजवळ 20 वर्षांची मेहनत आणि तिचा खर्च आपल्याला मोजावा लागला नाही. तो मुख्यतः अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनने उचलला होता. तेव्हाचे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी त्यासाठी राजकीय जोखीम पत्करली, एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाण आपल्या हवापाण्यात बसवले, आणि शेतकऱ्याने ते पिकवून दाखवले. 1965 साली देशात सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू होत होता, तो 1970 साली दोन कोटी टनांवर गेला.

याच काळातली दुसरी मदत मी स्वतः खाल्लेली आहे. 1966 साली मी सिन्नर तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शाळेत होतो. पाऊस सलग दोन वर्षे रुसलेला होता आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेला गहू व मिलो मिळत असे. मिलो ही तांबूस रंगाची ज्वारी. तिच्या पिठाला विरी नसायची. आई उकड घेऊन पीठ मळत असे, तरी थापताना भाकरीच्या कडा फाटत आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे होत. आम्ही ती कुरकुरत खाल्ली, पण त्या वर्षी गावात भूकबळी गेला नाही. पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली ते धान्य येत होते आणि एकट्या 1966 साली देशाने बाहेरून सुमारे एक कोटी टन धान्य आणले. भारत सरकारने व्हिएतनाम युद्धावर टीका केली म्हणून अध्यक्ष जॉन्सन नाराज होते आणि जहाजे सोडण्याची परवानगी ते महिन्या-महिन्याने देत, हे मला पुढे अर्थशास्त्र शिकवताना कळले. आमच्या दुकानात कधी धान्य असे आणि कधी नसे, त्यामागे हे एक कारण होते. त्या मिलोने माणसे जगवली, हे मी कधीही नाकारणार नाही. मात्र आपले जगणे दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेले असणे म्हणजे काय, हेही त्याच मिलोने दाखवले.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर या दोन अनुभवांच्या मध्ये आहे. श्रीमंत देशांनी मदत केलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण ज्या मदतीमुळे घेणाऱ्याच्या हातात बी, विद्या आणि यंत्रणा राहते, तिच्याविषयी मी हे म्हणतो आहे.

‘का करावी’ याचे पहिले कारण इतिहासात आहे, आणि ते आपल्याला तरी नवे नसावे. 1841 सालीच भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात पत्रे लिहून इंग्रजी राज्य हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर नेत आहे, हे उघडपणे मांडले होते. दादाभाई नौरोजी यांनी पुढे त्याचा आकड्यांनिशी हिशेब केला. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म 1842 साली आपल्याच निफाडचा. त्यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात असे प्रतिपादन केले की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानासारख्या देशाला जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि मागे पडलेल्या देशात उद्योग उभे राहण्यासाठी सरकारने पुढाकार घेतला पाहिजे. ज्याला खाली ढकलले गेले आहे त्याला ‘बाजार तुझे भले करील’ असे सांगणे अन्यायाचे आहे, ही जाणीव त्या विवेचनाच्या मुळाशी होती. काँगो, घाना, हैती या देशांचा इतिहास याहून निराळा नाही. त्यांतील कित्येकांचा अधिक क्रूर आहे.

आणि हे सारे भूतकाळातच संपलेले नाही. आपल्याला कांद्याचे उदाहरण कळेल, म्हणून हैतीचे सांगतो. 1995 मध्ये हैतीने बाहेरच्या दबावाखाली तांदळावरील आयात कर 3 टक्क्यांवर आणला, आणि अमेरिकेतील अनुदानित तांदूळ त्या देशात इतक्या स्वस्तात आला की तिथल्या भातशेतकऱ्याचा धंदाच बसला. बिल क्लिंटन हे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष; 2010 मध्ये त्यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की या धोरणाचा फायदा आपल्या आर्कान्सामधील शेतकऱ्यांना झाला असेल, पण हैतीच्या बाबतीत ती चूक होती. कापसाचेही तसेच. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली, की श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांमुळे आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. त्या पडलेल्या भावाची झळ आपल्या खानदेशातल्या कापसालाही लागतेच. जो देश नियम असे ठेवतो, त्याने दिलेल्या मदतीला दान म्हणणे मला योग्य वाटत नाही. घेतलेल्यातले थोडे परत करणे, एवढेच तिचे स्वरूप आहे. आपल्या बागेवरच्या अवकाळी गारांच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो, कारण वातावरणात साठलेल्या कार्बनमध्ये मोठा वाटा ज्यांचा आहे ते देश श्रीमंत आहेत, तर जगाच्या आजच्या उत्सर्जनात संपूर्ण आफ्रिका खंडाचा वाटा 4 टक्क्यांच्या आत आहे.

दुसरे कारण देणाऱ्याच्या स्वतःच्या हिताचे आहे. आपल्या घरातील साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर देवीच्या लसीची खूण असेल, आपल्या मुलांच्या दंडावर ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1967 मध्ये देवी निर्मूलनाची मोहीम तीव्र केली. शीतयुद्धात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांनीही तिला हात दिला, रशियाने तर कोट्यवधी डोस फुकट पुरवले. भारतातील शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आसामात सापडला, जगातील नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण 1977 मध्ये सोमालियात, आणि 1980 मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली. साऱ्या मोहिमेचा खर्च सुमारे 30 कोटी डॉलर होता, आणि त्यातला मोठा वाटा रोगग्रस्त देशांनीच उचलला. त्या दिवसापासून श्रीमंत देशांचाही आपल्या प्रत्येक मुलाला देवी टोचण्याचा आणि प्रत्येक बंदरावर तपासणी ठेवण्याचा खर्च कायमचा वाचला. सोमालियातील रोग सोमालियातच संपवणे हेच त्यांना सर्वांत स्वस्त पडले.

दुसरे उदाहरण तर पुण्यातले आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा एक आडवा पट्टा आहे, जिथे कोरड्या हंगामात मेंदूज्वराची साथ येई. 1996-97 च्या एकाच साथीत सुमारे 25,000 माणसे गेली. वाचलेल्यांपैकी कित्येक मुले बहिरी झाली. त्या प्रकारच्या मेंदूज्वरावर स्वस्त लस बनवण्यात मोठ्या कंपन्यांना रस नव्हता, कारण विकत घेणारे गरीब होते. तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था एकत्र आल्या, पैसा अमेरिकेतील गेट्स फाउंडेशनने दिला, लसीचे घटक एकमेकांना जोडण्याचे तंत्र अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळेतून आले, आणि अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत डोस बनवण्याचे काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पत्करले. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि ‘अ’ प्रकारचा तो मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. यात कोणी कोणापुढे हात पसरला नाही. एकाचा पैसा, दुसऱ्याची विद्या, तिसऱ्याचा कारखाना आणि चौथ्याच्या आरोग्यसेविका, असे ते काम उभे राहिले.

आता आपल्या आक्षेपांकडे येतो, आणि पैसा खाल्ला जाण्याचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, हुकूमशहा मोबुटूला पाश्चिमात्य देशांनी वर्षानुवर्षे पैसा दिला आणि त्याने देश लुटला. परंतु तो पैसा शाळा-दवाखान्यांच्या निकालाकडे पाहून दिला जात नव्हता; शीतयुद्धात तो आपल्या बाजूला राहावा म्हणून दिला जात होता. जिथे हिशेब लोकांसमोर ठेवला गेला तिथे काय झाले, ते युगांडात दिसले. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील सरकार शाळांना जे अनुदान पाठवी, त्यातील सरासरी अवघे 13 टक्केच प्रत्यक्ष शाळेपर्यंत पोहोचत होते, असे पाहणीत आढळले. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम गेली ते वृत्तपत्रांत छापायला आणि शाळेच्या फलकावर लावायला सुरुवात केली. पालक फलक वाचू लागले, विचारू लागले, आणि काही वर्षांत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेले. आपल्या गावच्या रेशन दुकानातील साठ्याचा फलक कोरा असतो तेव्हा काय होते आणि भरलेला असतो तेव्हा काय होते, हे आपण पाहिलेले आहे. गळती आहे म्हणून कोणी कालवा बुजवत नाही; चारीवर माणूस उभा करतो आणि फुटलेली जागा बांधतो.

करदात्यावरील ओझ्याविषयी एक आकडा लक्षात ठेवावा. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के, म्हणजे दर 100 रुपयांमागे 70 पैसे, गरीब देशांच्या विकासासाठी द्यावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 24 ऑक्टोबर 1970 रोजी ठरवले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश हे पाळत आले. ब्रिटनने 2015 मध्ये त्याचा कायदा केला आणि 2021 मध्ये प्रमाण 50 पैशांवर आणले. सर्व दात्या देशांची सरासरी अर्ध्या शतकानंतरही 40 पैशांच्या खाली आहे. अमेरिकेचा हात तर अलीकडच्या दशकांत 20-25 पैशांच्या पुढे गेलेला नव्हता. तेथील नागरिकांना विचारले तर आपल्या केंद्रीय खर्चाचा चौथा हिस्सा परदेशी मदतीवर जातो असे ते सांगत, प्रत्यक्षात तो 1 टक्क्याच्या आसपास होता. जानेवारी 2025 मध्ये ही मदत एकाएकी थांबवली गेली, तेव्हा आफ्रिकेत एचआयव्हीची औषधे देणाऱ्या दवाखान्यांना टाळे लागले. एचआयव्हीविरोधी ही अमेरिकी योजना 2003 पासून चालू होती आणि तिने अडीच कोटी जीव वाचवले, असे अमेरिकी सरकारच सांगत आले होते. त्या बचतीतून अमेरिकेतल्या एखाद्या अडचणीतील शेतकऱ्याचे कर्ज फिटले असे मला तरी कुठे दिसले नाही. आपला पंचनामा लांबतो, ही आपल्या प्रशासनाची उणीव आहे आणि तिच्यासाठी आपण भांडलेच पाहिजे. त्या भांडणात अफगाणिस्तानच्या धरणाला ओढण्याचे कारण नाही.

त्या धरणाविषयी सांगायचे तर, हेरात प्रांतात हरिरुद नदीवर ते उभे आहे, 2016 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि 42 मेगावॅट वीज व सुमारे 75,000 हेक्टरांना पाणी, अशी त्याची योजना आहे. पालखेडच्या कालव्याचे आवर्तन आठ दिवस लांबले तर बागेचे काय होते, हे मी आपल्याला सांगायला नको. तिथला शेतकरीही द्राक्षे पिकवतो. भारत 1964 पासून इतर विकसनशील देशांच्या माणसांना आपल्याकडे बोलावून शिकवत आला आहे, म्हणजे आपण स्वतः मिलो खात होतो तेव्हापासून. 2022 मध्ये श्रीलंकेची परकीय गंगाजळी संपली तेव्हा आपण सुमारे 4 अब्ज डॉलरचे साहाय्य केले. लासलगावचा कांदा ज्या देशांत जातो त्यांत श्रीलंका आहे. शेजाऱ्याजवळ डॉलरच उरले नाहीत तर आपल्या कंटेनरचे पैसे कोण देणार, हा प्रश्न लासलगावच्या व्यापाऱ्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

मदत कशी असावी, याचा एक धडा आपल्या द्राक्षांनीही दिलेला आहे. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखणारे जे रसायन आपण सीसीसी म्हणून ओळखतो, त्याच्या अंशामुळे युरोपने आपला माल नाकारला आणि अनेक बागायतदार उघड्यावर आले. त्यानंतर तपासणी कडक झाली, फवारणीच्या नोंदी काटेकोर झाल्या आणि माल पुन्हा जाऊ लागला. आपल्याजवळ प्रयोगशाळा होत्या, कृषी विद्यापीठ होते, निर्यातीची सरकारी यंत्रणा होती, म्हणून आपण सावरलो. मालीतला आंबा उत्पादक किंवा युगांडातला भाजीवाला यांच्यामागे यातले फारसे काही नसते. युरोपने त्यांना धान्याची पोती पाठवण्यापेक्षा एक चांगली तपासणी प्रयोगशाळा आणि ती चालवणारी दहा शिकलेली माणसे तयार करून दिली, आणि त्यांच्या मालावरचे अडथळे कमी केले, तर ती माझ्या दृष्टीने खरी मदत होईल. दक्षिण कोरिया युद्धानंतर जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता आणि मदतीवर जगत होता. त्याने तो पैसा शिक्षण आणि उद्योगांत घातला, आणि 2010 पासून तो दात्या देशांच्या समितीत बसतो.

प्रश्न : जपान आपल्याला मेट्रोसाठी पैसा देतो तो कर्ज म्हणून. फेडायचेच असेल तर त्याला मदत का म्हणावे?
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : मुंबईच्या भुयारी मेट्रोसाठी जपानने दिलेले कर्ज अल्प व्याजाचे आणि दीर्घ मुदतीचे आहे, बाजारात तेवढेच कर्ज काढले असते तर जे जास्तीचे व्याज पडले असते, ते वाचणे एवढाच त्यातला मदतीचा भाग. 2018 पासून दात्या देशांच्या हिशेबातही कर्जाची पूर्ण रक्कम न धरता एवढाच भाग मदत म्हणून धरतात, आणि ते योग्य आहे. मेट्रो तिकिटातून काही कमावते आणि भारताची फेडण्याची ऐपत आहे. ज्या देशाचे उत्पन्न एकाच मालावर अवलंबून आहे, त्याची गोष्ट वेगळी. तांब्यावर जगणाऱ्या झांबियाने नोव्हेंबर 2020 मध्ये हप्ता चुकवला, आणि इतर देशांच्या सरकारांशी फेररचनेचा समझोता व्हायला जून 2023 उजाडले. तोवर जागतिक बाजारातून नवे कर्ज उभारण्याची दारे त्याला जवळपास बंदच होती. शाळा आणि लसीकरण यांसाठी अशा देशांना कर्ज देऊच नये, अनुदान द्यावे, असे माझे मत आहे. अतिशय कर्जबाजारी गरीब देशांची जुनी कर्जे माफ करण्याची योजना 1996 मध्ये सुरू झाली. तिचा लाभ मिळालेल्या टांझानियाने 2001 मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली, तेव्हा लाखो नवी मुले एकदम दाखल झाली, वर्ग अपुरे पडले आणि एकेका बाकावर दाटीवाटीने मुले बसू लागली.